निनादच्या खोलीची वीज

"घरात माणसं किती, काका?"

"दोन."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. माझी बायको, कुमुद, आतून ऐकत होती. समोर बसलेली मुलगी नव्या वीज कंपनीची होती. हर्षदा नाव. भर एप्रिलमध्ये कंपनीचं निळं जाकीट घालून तिसरा मजला चढून आली होती आणि घामाने निथळत होती. तिने आमचं वीजबिल उजेडात धरलं, मग उलटं करून मागची बाजू पाहिली आणि परत पुढची पाहिली.

"दोनच माणसं? नक्की ना? काका, बर्फाचा कारखाना आहे की काय घरात?"

ती हसली. मी हसलो नाही. तिला काय माहीत होतं बिचारीला. पण बर्फ हा शब्द आमच्या घरात नको होता. त्या वर्षी मला काही व्हायचंच नाही. रडू यायचं नाही, राग यायचा नाही.

आता या गोष्टीला बारा-तेरा वर्षं होऊन गेली. चेंबूरला आमच्या भागात तेव्हा वीज कंपनी बदलून घ्यायची सोय नुकती झाली होती. तारा जुन्या कंपनीच्याच राहायच्या, मीटर बदलायचा आणि बिल नव्या कंपनीचं यायचं. अर्ध्या बिल्डिंगने बदलून घेतलं होतं. मी सरकारी वजन-मापं खात्यात निरीक्षक होतो, सगळा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला. त्यामुळे कुणी स्वस्त म्हणालं की मी आधी काटा कुठे मारलाय ते बघतो. एरवी मी त्या मुलीला दारातूनच वाटेला लावलं असतं. पण गरज मला होती.

"एक एसी आहे," मी म्हटलं.

"एका एसीला एवढं नाही येत. किती तास चालतो?"

मी 'रात्रीचा' म्हणणार होतो. तेवढ्यात कुमुद पदराला हात पुसत बाहेर आली.

"चोवीस तास," ती म्हणाली.

"कोणी आजारी आहे का, काकू?"

"नाही."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे.

खरं काय ते सांगून टाकतो. आमचा मुलगा निनाद आदल्या वर्षी मार्चमध्ये डेंग्यूने गेला. सव्वीस वर्षांचा होता. विमानतळावर रात्रपाळीला जायचा आणि दिवसा झोपायचा, म्हणून त्याच्या खोलीत एसी बसवला होता. तो गेला त्या दिवशी लावलेला एसी पुढे आम्ही कधी बंदच केला नाही. रिकाम्या खोलीत तो रात्रंदिवस घुर्र घुर्र करत चालू होता. कुमुद अंगावर शाल घेऊन तिथे केर काढायची. दर शनिवारी एसीच्या जाळ्या धुवायची. आणि वर्ष उलटून गेलं तरी मी तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. आईच्या मनाचा प्रश्न होता. ती एसी चालू ठेवते आहे, तोवर ती उठते आहे, दोन घास खाते आहे, असं मला वाटायचं. तो बंद पडला तर ही कोलमडेल, या एकाच भीतीत मी जगत होतो. बाकी मला काही वाटायचंच बंद झालं होतं. जेवणाची चवसुद्धा लागत नव्हती.

पेन्शनीत ते बिल झेपेना, तेव्हा मी ठरवलं, एसीला हात लावायचा नाही, वीज स्वस्त करायची.

"काका, तुम्ही सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये गेलाय," हर्षदा म्हणाली. "जास्त वापर, जास्त दर. आमच्याकडे वरच्या स्लॅबचा दर कमी आहे, तुम्हाला लगेच फरक पडेल. आणि आमची वीज स्वच्छ आहे. उन्हाची आणि वाऱ्याची जास्त, कोळशाची कमी."

"तार तीच ना?"

"हो."

"मग त्या तारेतून माझ्या घरात येणारी वीज उन्हाची आहे हे मी कशावरून मानायचं? डोळ्यांना दिसत नाही त्या मालाचे पैसे द्यायचं जिवावर येतं माझ्या."

तिला सवय असणार अशा म्हाताऱ्यांची. "काका, सगळ्या कंपन्या एकाच टाकीत पाणी ओततात असं समजा. तुमच्या नळाला कुणाचं पाणी आलं ते नाही सांगता येणार. पण तुमचे पैसे कुणाला गेले, ते सांगता येतं. उन्हाची वीज ओतणाऱ्याला जास्त गेले की तो जास्त ओततो."

"गोड बोलतेस."

"पगार त्याचाच आहे, काका."

कुमुदला तिचं बोलणं आवडलं. तिने तिला पन्हं दिलं. मग विचारलं, "हे बदलताना वीज जाते का?"

"मीटर बदलेपर्यंत जाते, काकू. अर्धा-पाऊण तास."

"अर्धा तास." कुमुदने माझ्याकडे पाहिलं. "नको मग. यांना नाही चालणार."

ही माझ्या नावावर ढकलते आहे, असं मला वाटलं. बायका करतात असं. मी सांभाळून घेतलं. "अर्ध्या तासाने काय होतंय? दार बंद ठेवलं की गारवा राहतो."

"तुम्हाला चालेल?"

"मला न चालायला काय झालं?"

ती आत गेली.

हर्षदाने एसी बघायचा म्हटलं. जुना असला तर वीज जास्त खातो, म्हणाली. कुमुदने निनादच्या खोलीचं दार उघडलं आणि गार हवेचा लोट बाहेर आला. मुलीने जाकिटाची चेन वर ओढली. खोलीत पलंग होता, त्याच्यावर गादी नव्हती. गादी तेराव्याला देऊन टाकली होती. मेज पुसलेलं होतं, त्याच्यावर काहीही नव्हतं. मुलगी हुशार होती, काय ते समजली. बाहेर आल्यावर हळू आवाजात म्हणाली, "काका, रागावू नका. कंपनी बदलून वाचेल तेवढं वाचेल. पण तो एसी बंद केला ना, तर..."

"तू वीज विकायला आलीस का वाचवायला?"

"सॉरी, काका."

"कुठे सही करायची ते सांग."

मी सही केली. वाईट बोललो तिला, पण ते वाईटसुद्धा तेव्हा वाटलं नाही.

त्या रविवारी केतकीचा फोन आला. आमची थोरली, टोरांटोला असते. वीज कंपनी बदलतोय म्हटल्यावर तिला आनंद झाला.

"उन्हावाऱ्याची वीज? अरे वा! निनाद खूश झाला असता, बाबा. आठवतं, आपण खोलीबाहेर पडलो की मागून येऊन पंखे बंद करायचा? तुम्हाला म्हणायचा, सरकारी नोकर, सरकारी सवयी."

"हं."

"त्याच्या खोलीतला एसी अजून चालू आहे?"

"हो."

"बाबा, त्याला स्वतःलासुद्धा एवढा एसी लागत नव्हता. अगदी जिवाची काहिली झाली तरच लावायचा. आईशी बोला ना."

"तुला काय जातंय तिथून सांगायला? तुझ्या आईला नाही सोसणार."

"तिला विचारलंत?"

"काही गोष्टी विचारायच्या नसतात," मी म्हटलं आणि फोन कुमुदला दिला. ती केतकीशी कैरीच्या लोणच्याबद्दल बोलत राहिली.

मीटर बदलायला माणूस आला तो मेच्या मध्यावर. सकाळचं ऊन खिडकीच्या गजांना भाजत होतं. माणूस उंच, चाळिशीचा, खांद्याला हत्यारांची पिशवी. शेडगे म्हणून होता. खाली जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत त्याने काम सुरू केलं. "काका, वर जाऊन बसा, पाऊण तासात देतो लाइट," म्हणाला. मी वर आलो तोवर वीज गेली होती.

आपलं घर एवढा आवाज करत होतं हे वीज गेल्यावर कळलं. त्या एसीची घरघर थांबली आणि माझ्या कानाला दडे बसल्यासारखं झालं. एक वर्ष तो आवाज भिंतीमागे होता. आम्ही त्याच्यावरून मोठ्याने बोलायचो, त्याच्यावरून टीव्ही लावायचो.

कुमुद कुठे आहे बघितलं तर ती निनादच्या खोलीच्या दाराशी ओणवी होऊन फटीत जुनी चादर कोंबत होती.

"काय करतेस?"

"गारवा जाईल ना."

मी आत गेलो, खिडकीचे पडदे ओढले आणि पडद्याच्या कडेला उशा लावल्या. उन्हाची तिरीप येत होती तिथे वर्तमानपत्र लावलं. कुमुद आत आली, दार लावलं आणि चादर आतून सारखी केली. मग दार उघडलं तर गारवा जाईल म्हणून आम्ही दोघं आतच बसलो. मी पलंगाच्या फळीवर, ती खुर्चीवर. त्या खोलीत आम्ही एकत्र बसलो ते एक वर्षात पहिल्यांदाच.

पाऊण तास झाला. शेडगेने जिन्यातून हाक मारली. मी खोलीचं दार जेमतेम डोकं जाईल एवढं उघडलं.

"काका, फ्यूजचा जुना कटआउट गंजलाय, निघत नाही. दुसरा आणायला माणूस पाठवलाय. जेवण करून घ्या तोवर."

"अहो, पण तुम्ही पाऊण तास म्हणालात!"

"जबरदस्ती केली तर आख्ख्या जिन्याची लाइट जाईल, काका."

मी दार लावून घेतलं. माझी पाचावर धारण बसली होती. कुमुदचा चेहरा मी चोरून बघत होतो. आता हिला काहीतरी होणार. रडेल, ओरडेल, चक्कर येईल. शेजारच्या डॉक्टरांचा नंबर कुठे लिहिलाय ते मी आठवत होतो.

कुमुद उठली, भिंतीला हात लावून बघितला.

"अहो, आहे ना अजून गार?"

"आहे की," मी म्हटलं. नव्हती. माझा सदरा पाठीला चिकटला होता. तिच्या ओठांवर घामाचे थेंब होते आणि ती ते पुसत नव्हती.

आणखी थोडा वेळ गेला. ती खोली तापत गेली. उन्हाची भिंत होती ती, पूर्वेची. आम्ही दोघं कोंडून घेतल्यासारखे बसलो होतो आणि कोणी उकडतंय असं म्हणत नव्हतं.

"मी काही केलेलं नाही हां," कुमुद एकदम म्हणाली.

"म्हणजे?"

"मी बंद नाही केला. लाइटच गेली."

"मी कुठे काय म्हटलं? ते मला दिसतंय."

"नाही, तुम्ही रागवाल म्हणून म्हटलं."

"मी कशाला रागवेन?"

मी चेष्टा करतोय की काय, असं तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणाला होतात ना. मी सांगेपर्यंत एसीला कुणी हात लावायचा नाही."

मला कळेचना. "कधी?"

"त्या दिवशी."

मग मला आठवलं. आठवलं म्हणजे कसं, कुणीतरी तोंडात मारल्यासारखं सगळं एकदम आलं. निनादला दवाखान्यातून संध्याकाळी घरी आणलं होतं. केतकीचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी यायचं होतं. तिथे शवागारात ठेवायला कुमुद तयार नव्हती, माझ्या मुलाला परक्यांत ठेवायचं नाही म्हणाली. म्हणून याच खोलीत, याच पलंगावर. खाली बर्फाच्या लाद्या आणि वर एसी पूर्ण लावलेला. भेटायला माणसं येत होती, कुडकुडत होती. माझ्या मावशीला थंडी बाधेल म्हणून कुणीतरी एसी बंद केला. मी पाच मिनिटांसाठी खाली गेलो होतो. वर येऊन बघतो तर खोली तापायला लागलेली. मी घर डोक्यावर घेतलं. एवढ्या पाहुण्यांसमोर बोंबललो, मी सांगेपर्यंत एसीला कुणी हात लावायचा नाही. हात लावाल तर याद राखा.

केतकी आली. तिने त्याला पाहिलं. आम्ही त्याला नेलं. स्मशानातून परत आलो तर एसी चालू होता. मला वाटलं, कुमुदने ठेवलाय.

"तुम्ही सांगितलंच नाही," कुमुद म्हणाली. "मी वाट बघितली. तेरावा झाला, तरी तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, यांच्या मनाची तयारी नाही. मग गेल्या दिवाळीत तो बंद पडला, तेव्हा तुम्ही अनवाणी गेलात मेकॅनिकला बोलवायला. भर रस्त्यातून अनवाणी! तेव्हाच मी मनाशी म्हटलं, हा आता राहू दे. यांचा जीव अडकलाय त्याच्यात. हा बंद झाला तर हे जायचे."

"अगं, मी तुझ्यासाठी गेलो होतो."

"माझ्यासाठी?"

"तुला लागतो म्हणून."

"मला?" कुमुद म्हणाली. "मला तर तो आवाज ऐकवत नाही हो. रात्री कानांत बोळे घालून झोपते मी. त्या आवाजाने मला सारखं वाटतं, तो अजून आत आहे आणि आपल्याला अजून न्यायचंय त्याला."

एक वर्ष ही बाई रोज शाल पांघरून त्या खोलीत गेली. मी रोज भिंतीपलीकडून ऐकलं. दोघांनी एकमेकांसाठी मुलाला त्या बर्फावर ठेवलं.

"मग आता सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही सांगेपर्यंत म्हणाला होतात. मग सांगा ना. मी स्वतःहून नाही लावणार हात. एवढे दिवस नाही लावला."

तेवढ्यात वीज आली. वर ट्यूब लुकलुकली, एसीने 'टिंग' केलं, त्याची झडप आपोआप उघडली आणि तो पुन्हा घरघरायला लागला. कुमुदच्या चेहऱ्यावर गार वारा आला. तिने डोळे मिटून घेतले. तिला सहन होत नव्हतं, माझ्या डोळ्यांना इतके दिवस दिसलं नव्हतं ते आता दिसलं.

रिमोट मेजाच्या खणात होता. मी तो काढून तिच्या हातात दिला.

"कुमुद," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "निनाद गेला. बंद कर."

आमच्या घरात हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. फोनवरून लोकांना 'वाईट झालं' म्हणायचो, 'तो नाही आता' म्हणायचो, पत्रिकेवर 'देवाज्ञा' छापलं. पण तो गेला असं मी कधी म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर माझ्या छातीत दुखलं. खरंच दुखलं, हात ठेवावा लागला. वर्षभरात मला पहिल्यांदा काहीतरी झालं.

कुमुदने बटण दाबलं. झडप मिटली. मग ती माझ्या खांद्याला डोकं लावून रडली आणि मीही रडलो. कसं रडतात ते विसरल्यासारखा, वेडावाकडा रडलो. शेजाऱ्यांनी ऐकलं असेल तर ऐको. मग तिने उशा काढल्या, वर्तमानपत्र काढलं, पडदे सरकवले आणि खिडकी उघडली. बिजागऱ्या धरल्या होत्या, मला जोर लावावा लागला. उन्हाची झळ आत आली. खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं.

दारावर थाप पडली. शेडगे होता, कपाळाला ग्रीस लागलेलं.

"झालं, काका. नवीन मीटर बसला. जरा मोठं काहीतरी लावून दाखवा, लोड घेतोय का बघायचंय. एसी आहे ना तुमच्याकडे? एसी लावा."

मी उत्तर द्यायच्या आत कुमुद डोळे पुसत माझ्या मागून बाहेर आली.

"एसी नाही लागत आता," ती म्हणाली. "गिझर लावते. चालेल?"

"चालेल की, काकू. गिझर तर फस्क्लास."

तिने जाऊन गिझर लावला. शेडगे खाली जाऊन मीटर बघून आला, सगळं ठीक आहे म्हणाला, पाणी प्यायला आणि गेला. मी दार लावून वळलो तर कुमुदने माझा धुतलेला पंचा आणि सदरा न्हाणीघराच्या दाराशी आणून ठेवला होता.

"पाणी तापलंय," ती म्हणाली. "डोक्यावरून आंघोळ करून घ्या. तुमच्यानंतर मी करते."